पदवीच्या वर्गातील मानव्यविद्येचे संशोधन आणि संगणकीय साधने : आकडा नेमका कशाचा?

ओसरी

नमस्कार मंडळी,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरता येते आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रकल्प ठेवलेला आहे. त्याआधीच्या वर्षांतही क्षेत्रप्रकल्प असतात. जे काम पूर्वी एम.ए. झाल्यावर किंवा त्याहून पुढे हाती यायचे, ते आता विशीतल्या मुलामुलींच्या हाती येत आहे. मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या वर्गात फोन सगळ्यांकडे आहे, लॅपटॉप मोजक्यांकडे आहे, ग्रंथालय बेताचे आहे आणि पुण्या-मुंबईच्या संग्रहांत महिनाभर राहून काम करणे कोणाच्याच घरच्यांना परवडणारे नाही. संगणकीय साधनांची खरी गरज याच मुलांना आहे, असे माझे ठाम मत आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात. इंटरनेट अर्काइव्हवर शतकभरापूर्वीची मराठी पुस्तके आहेत. मुंबई इलाख्याची गॅझेटिअरेही मिळतात. वीस वर्षांपूर्वी यातले काहीही माझ्या विद्यार्थ्याला दिसले नसते.

तरीही प्रकल्प वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकते. विद्यार्थी आधी साधन उचलतो आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधतो. एखादी कादंबरी कुठल्याशा संकेतस्थळावर घालून तिच्यातल्या शब्दांचे रंगीत चित्र काढले जाते, त्यात 'होता', 'आणि', 'म्हणाला' हे शब्द सर्वांत मोठे दिसतात आणि त्याखाली दोन पाने विवेचन येते. चित्र सुबक असते, पण त्यातून त्या कादंबरीविषयी काय कळले, याचे उत्तर विद्यार्थ्याकडे नसते. म्हणून मी वर्गात एकच अट घातली आहे : प्रबंधात जो कोणता आकडा, आलेख किंवा नकाशा येईल, तो नेमका कशाचा आहे, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर आकडा काढून टाकायचा.

ही अट किती अवघड आहे, हे एका उदाहरणाने मांडते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या सहकाऱ्यांच्या मदतीने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे आणि तीन हजारांहून अधिक गायिका, असा तो संग्रह आहे. बर्नार्ड बेल यांनी त्याचा संगणकीय माहितीकोश बांधला आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी', हे काम लोकांपुढे आणत आहे. ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असल्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्याला याहून चांगली सामग्री मराठीत क्वचितच मिळेल, असे मला वाटते. आजीने म्हटलेली ओवी आपल्या अभ्यासाचा विषय होऊ शकते, हेच अनेकांना पहिल्यांदा तिथे कळते.

आता समजा, एखादीने ठरवले की कोणत्या भागात किती ओव्या गायल्या जात, याचा नकाशा काढायचा. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि गावांची यादी हाताशी आहे, त्यामुळे दोन-तीन दिवसांत नकाशा तयार होतो. त्यात पुणे जिल्ह्यात, विशेषतः मुळशी-मावळाच्या बाजूला, ठिपक्यांची दाटी दिसते. यावरून त्या डोंगरी भागात ओवीची परंपरा इतरांपेक्षा समृद्ध होती, असे लिहिण्याचा मोह अनावर असतो. खरी गोष्ट अशी आहे की संग्राहकांचे संघटनेचे काम ज्या भागात होते, तिथल्या बायकांशी त्यांचा वर्षानुवर्षांचा परिचय होता आणि म्हणून तिथल्या ओव्या अधिक जमल्या. तो नकाशा ओव्यांच्या प्रसाराचा नाही, संग्राहकांच्या वावराचा आहे. 'हा नकाशा संग्रहातील ओव्या ज्या गावांत नोंदवल्या गेल्या त्या गावांचा आहे' एवढेच वाक्य प्रामाणिक ठरते. त्या वाक्यापासून सुरुवात केली तर पुढचा प्रश्न फार चांगला निघतो : एका संघटनेच्या बैठका आणि बायकांचे गाणे यांचे नाते काय होते?

वर्गीकरणाचेही तसेच आहे. संग्राहकांनी ओव्यांची विषयवार विभागणी फार कष्टाने केली आहे. पण एकाच ओवीत भाऊ, माहेरची वाट आणि सासूचा जाच तिन्ही असू शकतात. ती ओवी 'भाऊ' या विषयाखाली मोजली गेली, तर तो आकडा गायिकेच्या मनाबद्दल जेवढे सांगतो तेवढेच वर्गीकरण करणाऱ्याच्या नजरेबद्दलही सांगतो. आणि शब्द मोजायला गेलात तर आणखी एक पेच समोर येतो. ओव्यांमध्ये 'राघू' म्हणजे मुलगा आणि 'मैना' म्हणजे मुलगी असते. भाव न कळता नुसते शब्द मोजणाऱ्या विद्यार्थ्याला जात्यावरच्या ओव्यांत पक्ष्यांचे वर्णन विपुल आहे, असा निष्कर्ष मिळेल.

यामुळे मी असे ठरवले आहे की पहिल्या सत्रात फक्त तक्ता शिकवायचा, म्हणजे साधी एक्सेल किंवा लिब्रेऑफिसची पत्रके. विद्यार्थ्याने शे-दीडशे ओव्या स्वतः वाचून, प्रत्येकीसाठी एक ओळ, आणि कोण कोणाला उद्देशून बोलते, कोणते नाते येते, कोणती वस्तू येते असे रकाने स्वतः ठरवून भरायचे. रकान्यात काय भरायचे, याचा नियम वेगळ्या पानावर लिहायचा. मजकूर-विश्लेषणाची तयार साधने त्यानंतर.

हा क्रम आपल्याला योग्य वाटतो का? इतिहास, समाजशास्त्र किंवा भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांचा आणि संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

कळफलक

ओसरीताई, क्रम अगदी योग्य आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मराठी मजकुरावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना अधूनमधून मदत करतो. भावार्थाच्याही आधी, अक्षरांच्या पातळीवर आकडे कसे चुकतात, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण ही माहिती मराठीत फारशी लिहिलेली आढळत नाही.

बहुतेक साधने रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहेत. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही संगणकाच्या हिशेबी 'अक्षरे' नसून 'चिन्हे' आहेत. पायथन भाषेत शब्द ओळखण्यासाठी जी नेहमीची खूण वापरतात, ती या चिन्हांपाशी शब्द तोडते. 'पुस्तक' हा शब्द दिलात तर उकारापाशी आणि हलन्तापाशी तुकडे होऊन 'प', 'स' आणि 'तक' असे तीन भाग हाती येतात. शब्दगणनेसाठी वापरले जाणारे एक लोकप्रिय साधन तर एकाक्षरी तुकडे मुळातच वगळते, म्हणजे पुस्तकाचे केवळ 'तक' उरते. पडद्यावर कोणतीही चूक दाखवली जात नाही, तक्ता नेटका येतो आणि विद्यार्थी त्यावर विवेचन लिहू लागतो. उपाय सोपा आहे : मोकळी जागा आणि विरामचिन्हे यांवरच शब्द तोडावेत. अँटकाँक हे मजकुरातील शब्द मोजण्या-शोधण्याचे मोफत साधन वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये शब्दाच्या व्याख्येत अक्षरांबरोबर 'मार्क' हा वर्गही धरायला सांगावे लागते. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट अशी की एकच अक्षर दोन-तीन प्रकारांनी साठवलेले असते. 'वाऱ्यावर' मधला अर्धा र कोणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहितो, तर कोणी साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन लिहितो. 'ॲ' चेही तेच. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. दोन वेगवेगळ्या टंकलेखकांनी टाइप केलेला मजकूर एकत्र केला की एकाच शब्दाचे दोन आकडे येतात आणि एखाद्या लेखिकेचा शब्दसंग्रह दुसरीपेक्षा मोठा आहे, असा भास होतो. सर्व मजकूर आधी एका रूपात आणणे, ज्याला आम्ही सामान्यीकरण म्हणतो, ते केलेच पाहिजे आणि केले असे प्रबंधात लिहिलेही पाहिजे.

प्रकाशकांकडून किंवा छापखान्यांतून मिळालेल्या जुन्या फाइली बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय अक्षरव्यवस्था रुळण्याआधीच्या, फाँटांत असतात. त्या रूपांतरित करताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा बदलतात. अशी फाइल मिळाली तर रूपांतरानंतर रफार असलेले आणि जोडाक्षराआधी वेलांटी असलेले शब्द मुद्दाम शोधून डोळ्यांखालून घालावेत.

जुनी_छपाई

मी एकोणिसाव्या शतकातील नियतकालिकांवर काम करते. वरच्या दोन्ही प्रतिसादांत एका मुद्द्याची भर घालते, तो म्हणजे काळाचा.

समजा, पदवीच्या विद्यार्थ्याला १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाविषयी मराठी नियतकालिकांत काय लिहिले जात होते, ते पाहायचे आहे. 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत होता आणि 'दीनबंधु' १८७७ मध्ये सुरू झाला, म्हणजे विषयाला जागा आहे. विद्यार्थ्याकडे पानांची छायाचित्रे आहेत आणि ती छायाचित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्टसारख्या साधनातून किंवा गूगल डॉक्समधून काढून मजकूर तयार केला आहे. आता तो 'दुष्काळ' शोधतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'ष' चे पोट भरून आलेले असते किंवा मधली रेघ उमटलेली नसते, त्यामुळे यंत्र तिथे 'प' वाचते आणि मजकुरात 'दुप्काळ' साठते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांच्यातही अशीच गफलत होते. शोधात सात उल्लेख आले म्हणून अंकात सातच उल्लेख आहेत, असे समजण्याला काहीच आधार उरत नाही. आणि ज्या वर्षीचा कागद वाईट, त्या वर्षी उल्लेख कमी सापडतात. वर्षावर्षांची तुलना करणाऱ्या आलेखात मग दुष्काळाची चर्चा ओसरली की कागदाची प्रत घसरली, हे वेगळे करता येत नाही.

शुद्धलेखनाचा भाग याहून महत्त्वाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम येईपर्यंत न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्याची पद्धत होती. 'कांहीं', 'नाहीं', 'त्यानें', 'घरांत' असे सर्वत्र आढळते. 'काही' शोधलेत तर 'कांहीं' सापडणार नाही. 'घरांत' चा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेव्हाच्या लेखनात ते एकवचन असू शकते आणि आजच्या लेखनात ते अनेकवचनच असते. एखाद्याने अनुस्वार सरसकट काढून टाकले तर शोध सुलभ होतो, पण 'घरात' आणि 'घरांत' यांतला भेद संपतो. ठेवले तर दोन शतकांची तुलना फसते. यातला कोणता मार्ग घ्यायचा, हे प्रश्नावर अवलंबून आहे, आणि तो का घेतला याची दोन-चार वाक्ये हा माझ्या मते प्रबंधाचा सर्वांत मोलाचा भाग असतो. मी दोन प्रती ठेवायला सांगते : एक मुळाबरहुकूम, जिला कधीही हात लावायचा नाही, आणि दुसरी शोधासाठी सैल केलेली. अवतरण द्यायचे ते नेहमी पहिल्या प्रतीतून.

विद्यार्थ्याला एक छोटी तपासणी सक्तीची करावी. यंत्राने वाचलेल्या मजकुरातून कोणतेही एक पान चिठ्ठी टाकून निवडायचे, ते मूळ छायाचित्राशी शब्दाशब्दाने ताडायचे आणि दर शंभर शब्दांमागे किती चुकले ते लिहायचे. असे प्रत्येक वर्षाच्या अंकासाठी एकेक पान केले की कोणत्या वर्षाच्या आकड्यावर किती विसंबायचे, हे स्वतःलाच कळते. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण त्यातून जुन्या मराठीचे वाचन आपोआप होते आणि पदवीच्या वर्षांत तेच तर व्हायला हवे.

मोडीबद्दल विचारणा होते म्हणून लिहिते. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, ही मोठी सोय झाली. वाचलेले कागद मोडीतच टंकित करता येतात. हस्तलिखित मोडी कागद यंत्राकडून वाचून घ्यावेत आणि त्यावर प्रबंध उभा करावा, असे मात्र मी पदवीच्या विद्यार्थ्याला सुचवणार नाही. त्याने मोडी शिकावी. काही महिन्यांच्या सरावाने छापील आणि सुबक हस्ताक्षरातील मोडी वाचता येते.

मूळपाठ

चर्चा उद्बोधक आहे, तरी मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. मी अनेक वर्षे साहित्य शिकवले. आज बी.ए. च्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातील पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेले असेल, याची खात्री देता येत नाही. अशा वेळी त्याला फाँट, चिन्हे, सामान्यीकरण, नकाशे यांत गुंतवायचे म्हणजे वाचनाच्या उरल्यासुरल्या वेळेवर आणखी एक वाटेकरी बसवण्यासारखे आहे. वरच्या प्रतिसादांत ज्या चुका सांगितल्या, त्या टाळण्यासाठी जेवढे कष्ट लागतात तेवढ्या कष्टांत विद्यार्थी तीन ग्रंथ नीट वाचील. मग साधनांनी मिळवले काय? एकाच ओवीवर दहा पाने लिहिणारा विद्यार्थी मला शंभर ओव्यांचा तक्ता भरणाऱ्यापेक्षा साहित्याच्या अधिक जवळ वाटतो.

ओसरी

मूळपाठ सर, आपला आक्षेप मी मनापासून घेते, कारण वाचन उणावले आहे हे मीही रोज पाहते. मात्र माझ्या वर्गात तक्त्याने वाचन घटले नाही, वाढले आहे. रकाना भरायचा म्हटले की ओवी अर्धवट वाचून चालत नाही. 'कोण कोणाला उद्देशून बोलते' या एका रकान्यावर आमच्या वर्गात मोठी चर्चा झाली. ओवी भावाला उद्देशून असते, तरी ती म्हटली जाते जात्याशी, पहाटे, समोर कदाचित जाऊ बसलेली असताना. मग ऐकणारी कोण? भाऊ की जाऊ? मुलांनी शेवटी दोन रकाने केले : ओवीत जिला किंवा ज्याला हाक मारली आहे ती व्यक्ती आणि प्रत्यक्ष ऐकणारी व्यक्ती. दुसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा राहिला, कारण ती माहिती संग्रहातील ओवीपाशी मिळत नाही. तो रिकामा रकाना पाहून एका विद्यार्थिनीने गावातल्या म्हाताऱ्या बायकांना, दळताना जोडीला कोण असायचे, हे विचारायला सुरुवात केली. एकाच ओवीवर दहा पाने लिहिणारा विद्यार्थी मलाही हवाच आहे, पण त्याने कोणती ओवी निवडावी आणि ती इतरांहून वेगळी कशात आहे, हे शंभर वाचल्यावरच कळते.

वेळेच्या प्रश्नावर मात्र आपले म्हणणे मान्य करून मी मर्यादा घालते. पदवीच्या प्रकल्पात एकच साधन. नकाशा काढणाऱ्याने शब्दगणना करू नये आणि शब्दगणना करणाऱ्याने नकाशाच्या वाटेला जाऊ नये.

ग्रंथपाल

एकच साधन हा नियम चांगला आहे, पण संदर्भ सांभाळण्याचे साधन त्यातून वगळावे अशी विनंती. झोटेरो हे २००६ पासून उपलब्ध असलेले मोफत सॉफ्टवेअर प्रत्येकाला पहिल्या वर्षापासून सवयीचे व्हावे. मराठी पुस्तकांच्या बाबतीत थोडी शिस्त लागते. इंटरनेट अर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालयातून आलेल्या पुस्तकांची शीर्षके व लेखकनामे पुष्कळदा रोमन लिपीत आणि वाटेल तशा वर्णांत नोंदलेली असतात. ती तशीच उचलली की एकाच लेखकाची तीन नावे यादीत दिसतात. शीर्षकपृष्ठ उघडून नाव, आवृत्ती, साल आणि छापखाना देवनागरीत स्वतः भरावा. पुनर्मुद्रणाचे साल पहिल्या आवृत्तीचे म्हणून नोंदले गेल्याने कालानुक्रमाचे सारे विवेचन कोसळलेले मी पाहिले आहे.

ज्यांना ग्रंथालयात बसून फोनने पानांची छायाचित्रे काढावी लागतात त्यांच्यासाठी ट्रॉपी हे साधन आहे. त्यात छायाचित्रे पुस्तकवार लावून प्रत्येकाला टिपण जोडता येते. ते नको असेल तर निदान पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र सर्वांत आधी काढायचे आणि प्रत्येक पानाचा पृष्ठांक चौकटीत येईल असे पाहायचे, एवढे पथ्य पाळावे. सहा महिन्यांनी फोनमधले ते पान कोणत्या पुस्तकातले आहे, हे आठवत नाही.

नकाशा काढणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या नोंदींतील जिल्हे आणि आजचे जिल्हे एक नाहीत. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. १९८० च्या आसपासच्या नोंदीत 'परभणी' असेल तर ते गाव आज हिंगोलीत असू शकते. म्हणून जिल्ह्याचे दोन रकाने ठेवावेत, एक नोंदीतला आणि एक आजचा.

आता सध्याच्या सर्वांत मोठ्या प्रश्नाकडे येतो. विद्यार्थी संदर्भसूची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादी साधनांना विचारून तयार करू लागले आहेत. ही साधने पुढचा शब्द संभाव्यतेने निवडत वाक्य जुळवतात. पुस्तक अस्तित्वात आहे की नाही, हे तपासणे त्यांच्या मूळ रचनेत नाही. त्यामुळे खऱ्या अभ्यासकाच्या नावावर, खऱ्या प्रकाशनसंस्थेच्या नावाने, कधीच न निघालेले पुस्तक ती सहज देतात, आणि मराठीत तर हे अधिक घडते, कारण मराठी ग्रंथांविषयीचा मजकूर त्यांच्यापाशी तोकडा आहे. अशा पुस्तकाची चौकशी करत विद्यार्थी माझ्या टेबलापाशी येतात आणि मला त्यांना ते पुस्तक नाही असे सांगावे लागते, तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. त्यांनी फसवण्यासाठी ते केलेले नसते. मी महाविद्यालयाला एक नियम सुचवला आहे : संदर्भसूचीतील प्रत्येक नोंदीसमोर ती कोठे पाहिली ते लिहायचे, म्हणजे कोणत्या ग्रंथालयात किंवा कोणत्या संकेतस्थळावर. न पाहिलेले पुस्तक सूचीत नको. हा नियम यंत्राच्या आधीही योग्यच होता.

तिसरे_वर्ष

सर्वांना नमस्कार. मी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि समाजशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. धागा पूर्ण वाचला. माझे दोन प्रश्न आहेत.

माझी आजी आणि तिच्या दोन शेजारणी अजून ओव्या म्हणतात. त्या मी फोनवर ध्वनिमुद्रित करून 'पारी' वरील संग्रहातून घेतलेल्या ओव्यांच्या माझ्या तक्त्यात भरल्या तर चालेल का, की त्यांची वेगळी फाइल ठेवावी?

दुसरे असे की आजी मूळची सोलापूर जिल्ह्यातली आहे आणि लग्नानंतर साताऱ्यात आली. 'गाव' या रकान्यात मी काय लिहू?

माणदेश

ताई, तुमचा दुसरा प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा गुंता प्रत्येक ठिकाणी समोर येतो. मुलगी ओव्या शिकते माहेरी, आई-आजीच्या मांडीवर आणि जात्यापाशी, आणि म्हणते सासरी. सासरी आल्यावर ती जावांच्या, सासूच्या, शेजारणींच्या ओव्या उचलते. ध्वनिमुद्रण होते ते सासरच्या गावी आणि नोंदीत तेच गाव येते. त्यामुळे ओसरीताईंनी सांगितलेल्या नकाशाला आणखी एक अट जोडली पाहिजे : तो नकाशा ओवी जिथे नोंदवली गेली त्या गावाचा आहे, ओवी तिथली आहे असे त्यावरून ठरत नाही. बोलीभाषेचा अभ्यास करणाऱ्याने तर हे विसरूच नये. साताऱ्यात नोंदवलेल्या ओवीत सोलापूरकडची रूपे आली तर ती चूक समजून 'दुरुस्त' करू नयेत. एका बाईच्या लग्नाचा प्रवास त्या रूपांत राहिलेला असतो.

तुम्ही चार रकाने करा : माहेरचे गाव, सासरचे गाव, ध्वनिमुद्रणाचे गाव आणि 'ही ओवी कोणाकडून शिकली'. चौथ्या रकान्यासाठी प्रत्येक ओवीनंतर आजीला विचारा. पुष्कळदा 'आठवत नाही' असे उत्तर येईल. तेही तसेच लिहा, रकाना रिकामा सोडू नका. न विचारलेले आणि विचारूनही न आठवलेले यांत फरक आहे, आणि रिकाम्या चौकटीत तो दिसत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : वेगळी फाइल ठेवा. संग्रहातील ओव्या दुसऱ्यांनी, दुसऱ्या काळात, दुसऱ्या हेतूने लिहून घेतल्या आहेत आणि तुमच्या ओव्या नातीने आजीकडून घेतलेल्या आहेत. नातीसमोर आजी ज्या ओव्या म्हणत नाही, त्याही असतात. दोन्ही एका तक्त्यात मिसळले की हा फरक पुन्हा वेगळा काढता येणार नाही. तुलना जरूर करा, पण दोन तक्ते शेजारी ठेवून. रकाने मात्र दोन्हीकडे सारखे ठेवा.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली ध्वनिफीत जपून ठेवण्यासाठी वापरू नका, कारण पाठवताना ती दाबली जाऊन आवाजाचे बारकावे जाऊ शकतात. फोनमधून मूळ फाइल थेट संगणकावर उतरवा आणि तिची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. फाइलच्या नावात दिनांक, गाव आणि अनुक्रमांक असू द्या. गायिकेचे नाव तक्त्यात असू द्या. ओवी लिहून घेताना 'गं', 'बाई' असे गळ्याच्या गरजेने येणारे शब्द गाळू नका. मोजताना ते वगळायचे असतील तर जुनी_छपाई यांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या प्रतीत वगळा. आजीने ओवी आधी नुसती सांगितली आणि मग गायली तर दोन्ही ठेवा, कारण गाताना ओळ लांबते, शब्द परत येतात आणि कधीकधी शेवटचा चरण बदलतो.

परवानगी आधी घ्या. आजी घरचीच आहे म्हणून गृहीत धरू नका आणि शेजारणींच्या बाबतीत तर मुळीच नाही. हे कशासाठी आहे, कोण वाचेल, त्यांचे नाव घालायचे की नाही आणि ध्वनिमुद्रण इतरांना ऐकवायचे की नाही, हे चार प्रश्न मराठीत, त्यांच्या बोलीत, स्वतंत्रपणे विचारा आणि त्यांचे उत्तर ध्वनिमुद्रणातच येऊ द्या. सासूच्या किंवा नवऱ्याच्या जाचाच्या ओव्या म्हणून झाल्यावर बायकांना कधी कधी त्या मागे घ्याव्याशा वाटतात. तसे झाले तर ती ओळ तक्त्यातून काढा आणि प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात 'काही ओव्या गायिकांच्या इच्छेवरून वगळल्या आहेत' असे लिहा. प्रबंध झाला की तक्त्याची छापील प्रत आणि ध्वनिमुद्रणे तिघींच्या घरी नेऊन द्या; फोनवर ऐकता येतील अशी करून दिलीत तर उत्तम.